दहा वर्षांखालची लीग कशाला?

मा. संपादक,
रविवारच्या अंकात दहा वर्षांखालच्या मुलांच्या क्रिकेट लीगची बातमी वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझा भाचा नऊचा, पहाटे साडेपाचला किटबॅग ओढत नेटला जातो, बारा महिने नुसती बॉलिंग, आता कोपर दुखतं तर कोच म्हणतात टेप लावून टाक. अहो, नॉर्वेत अकराव्या वर्षापर्यंत मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते, रँकिंग काढायलाच बंदी आहे, पोरं चार खेळ खेळून बघतात, आणि जेमतेम ५३ लाख वस्तीच्या त्या देशाने २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं जिंकली, सगळ्यांत जास्त. लीगवाल्यांनी निदान या वयाच्या बॉलरच्या ओव्हर तरी ठरवून द्याव्यात, आणि पावसाळाभर पोरांना खो-खो, पोहणं, जे आवडेल ते खेळू द्यावं.
– एक मावशी, सातारा