बाबा, सरांना एवढं सांगाल का?

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या सोनूला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जायला किती टक्के लागतात, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तिथे कटऑफ नसतोच. 2024 च्या प्रवेशासाठी सुमारे 28 हजार अर्ज आले होते आणि 1,300 मुलंसुद्धा घेतली नाहीत. त्यातही परदेशी मुलांना जागा फारच थोड्या. कोविडमध्ये थांबवलेली सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती 2022 मध्ये त्यांनी परत आणली, पण ती तिथलं गणित मुलाला झेपेल का, हे बघण्यासाठी. तेवढी खात्री पटली की पुढे बघतात ते वेगळंच: या मुलाने आपल्या गावात, आपल्या शाळेत, हाताशी होतं त्यातून काय केलं?

म्हणून दादाला सांगा, त्या सल्लागाराकडून सर्टिफिकेटं गोळा करण्यात पैसे घालू नकोस. एमआयटीच्या अर्जात उपक्रमांसाठी रकानेच चार आहेत. आपला सोनू पहाटे द्राक्षबागेत जातो, पानावरचं दव किती वाजेपर्यंत टिकलं ते वहीत लिहितो, आणि त्यावरून डावणी या बुरशीरोगाची फवारणी आज मारायची की थांबायचं, ते दादाला सांगतो. पहिल्या रकान्यात हेच यायला हवं! पण सोनूला वाटतं, शेतातलं काय लिहायचं. आई, तू बोल त्याच्याशी. तुझं तो ऐकतो.

आता बाबा, खरं काम तुमच्याकडे आहे. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, एक गणित किंवा विज्ञानाचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राचं. मुख्याध्यापक असताना तुम्ही जन्मभर लिहिलंत तसं 'हुशार, होतकरू, वर्तणूक चांगली' इथे उपयोगाचं नाही. तसं तर हजारो मुलांबद्दल लिहून येतं. फिजिक्सच्या सरांकडून सोनूने प्रयोगशाळेतला आर्द्रतामापक मागून नेला होता. आकडे वहीशी जुळेनात तेव्हा तो परत सरांकडे गेला आणि दोघे मधल्या सुट्टीत त्यावर बसले. सरांनी हे, असंच्या असं लिहावं. तो कुठे अडला, काय विचारलं, वर्गातल्या पोरांना समजावून सांगतो का, हेही. इंग्रजी साधं असलं तरी चालेल.

पैशाची काळजी नको. आर्थिक मदत मागितली म्हणून तिथे परदेशी मुलाचाही अर्ज मागे पडत नाही. प्रवेश मिळाला तर घरच्या ऐपतीप्रमाणे मदत ठरवतात. नाही मिळाला, तर पोरात काही कमी आहे असं घरात कुणी म्हणायचं नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. जागाच तेवढ्या आहेत.

मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते. सर दिवाळीत गावी जातात, त्याआधी त्यांना गाठा. त्यांचा ईमेल पत्ताही घ्या, सोनूला तो अर्जात भरायचाय.

तुमची,
ताई