अडखळलेल्या गाड्यांचीही बातमी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यार्थ्यांच्या चालकविरहित गाड्यांच्या स्पर्धेची आपल्या अंकातली बातमी वाचली. विजेत्या संघाचा फोटो आहे, करंडक आहे, वेळही सेकंदाच्या दशांशापर्यंत दिली आहे. बाकीच्या गाड्यांचं काय झालं, यावर मात्र एक ओळही नाही. मी एकतीस वर्षं अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. निवृत्तीनंतर अशा स्पर्धांत तांत्रिक तपासणीच्या टेबलावर बसतो. माझ्या मते शिकण्यासारखं जास्त काही असतं ते त्या बाकीच्या गाड्यांपाशी.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोहावीच्या वाळवंटात अशी पहिली मोठी शर्यत घेतली. अंतर सुमारे २२८ किलोमीटर, बक्षीस १० लाख डॉलर. एकही गाडी पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची 'सँडस्टॉर्म' जेमतेम १२ किलोमीटरवर एका वळणावर अडकून बसली. पुढच्याच वर्षी अंतिम फेरीतल्या २३ पैकी २२ गाड्यांनी तो टप्पा ओलांडला, आणि पाच गाड्यांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पुरा केला.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती २००७ची गोष्ट. शहरी रस्त्यांसारख्या मार्गावरच्या स्पर्धेत एमआयटी आणि कॉर्नेल या दोन विद्यापीठांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. कॉर्नेलची गाडी थांबत-थबकत चालली होती. एमआयटीच्या गाडीला ती चालती गाडी न वाटता एका जागी उभा असलेला अडथळा वाटली. नंतर दोन्ही संघांनी आपापल्या नोंदी समोरासमोर ठेवल्या आणि टक्कर का झाली यावर मिळून शोधनिबंध लिहिला. चूक कुणाची, यावर भांडत बसले नाहीत. हे मी दरवर्षी मुलांना सांगतो.

आमच्याकडे काय होतं? गेल्या स्पर्धेत एका संघाची गाडी पांढऱ्या पट्टीवरून नीट चालली होती. खिडकीतून जमिनीवर उन्हाचा कवडसा पडला होता. त्याची कड गाडीला पट्टी वाटली आणि ती सरळ भिंतीकडे वळली. मुलींनी तिथेच फरशीवर बसून कॅमेऱ्यातलं एकेक चित्र तपासलं आणि पाऊण तासात कारण शोधलं: सराव कायम संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली झाला होता. निकालपत्रावर त्यांच्या नावापुढे फक्त 'बाद'. हे कारण सगळ्यांना वाचून दाखवू द्या, असं मी आयोजकांना विनवलं. वेळ नाही म्हणाले. पुढच्या फेरीत आणखी एक गाडी त्याच कवडशात फसली. माझा जीव तुटला. त्या मुलांची वर्षभराची मेहनत होती.

म्हणून आयोजकांना माझं सांगणं आहे: गाडी कुठे थांबली आणि का, याची नोंद प्रत्येक संघाकडून घ्या, तिला गुण द्या आणि ती सर्वांसाठी खुली ठेवा. आणि आपल्याला विनंती, की विजेत्यांच्या फोटोशेजारी अशा एखाद्या नोंदीलाही जागा द्यावी. त्या मुलींनी लिहिलेली दोन पानं त्यांच्या संमतीने माझ्याकडे ठेवली आहेत. छापणार असाल तर लगेच पाठवतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक