विषय : जिप्सीतील इंजिनबदलाचे अर्धवट काम, न दिलेली कागदपत्रे व मूळ इंजिन परत मिळणेबाबत

प्रति,
व्यवस्थापक साहेब,
कोल्हापूर

महोदय,

माझ्या जुन्या ९७० सीसी कार्ब्युरेटरच्या मारुती जिप्सीत जिप्सी किंगचं १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणारं) इंजिन बसवायचं काम आपल्या गॅरेजकडे दिलं होतं. वायरिंग, पेट्रोल लाइन, रेडिएटर, आरटीओ, सगळं आपल्याकडेच, असं बोलणं झालं होतं आणि पैसेही त्या हिशेबानेच घेतलेत.

इंजिन ओढतं चांगलं. तक्रार त्याच्या भोवतीच्या कामाची आहे.

कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी भागतं, इंजेक्टरला मात्र दाब लागतो, साधारण तीन बारच्या आसपास. आपण इलेक्ट्रिक पंप टाकलात आणि रबरी नळी जुनीच ठेवलीत, टोकाला साधी स्क्रूची क्लिप. पंप सुरू झाला की क्लिपखाली पेट्रोलचा थेंब धरतो. नळी बोटाला मऊ लागते आणि तिथून वीतभरावर सायलेन्सरचा तापलेला पाइप आहे. या गाडीत माझी मुलं बसतात, साहेब! फोन केला तर म्हणे, क्लिप आवळून घ्या. आवळली की मऊ नळी चिरते, हे उद्यमनगरातलं शिकाऊ पोरगंही सांगेल.

रेडिएटरही जुनाच. वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागलं की तापमानाचा काटा लालला टेकतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट कागदांची. बिलावर फक्त 'जुने इंजिन, १ नग' लिहिलंय आणि इंजिनाच्या ब्लॉकवर नंबराच्या जागी ग्राइंडरच्या खुणा आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणीपत्रावरच्या) तपशिलाशी न जुळणारा बदल असा परस्पर करू देत नाही. इंजिन कुठल्या गाडीचं, हेच सांगता येत नसेल तर मी आरटीओत काय दाखवू? उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाई कोण देणार?

म्हणून पंधरा दिवसांत इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद आणि नंबरासह बिल द्या, पेट्रोल लाइन इंजेक्शनच्या दाबाची टाका, रेडिएटर बदला. कागद नसतील तर हे इंजिन काढून घ्या, पैसे परत करा आणि माझं जुनं इंजिन स्वखर्चाने बसवून द्या. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आरसीवरचा नंबर असलेलं ते ९७० सीसीचं इंजिन अजून आपल्या शेडमध्ये आहे. माझ्या लेखी परवानगीशिवाय ते भंगारात किंवा दुसऱ्या कुणाला देऊ नये.

आपला ग्राहक
(नाव व पत्ता बिलावर आहे)