ललिता पवार म्हणजे नुसता बारीक डोळा नव्हे

महोदय,

मराठवाड्यातल्या युवक महोत्सवांत, एकांकिकांत खाष्ट सासू आली की हमखास ललिता पवारांची नक्कल होते. डावा डोळा बारीक, हात कमरेवर, आवाज टिपेला. दोन-चार वाक्यांतच प्रेक्षक हसू लागतात आणि पात्राची जरब जाते.

तो डोळा ही अभिनयाची युक्ती नव्हतीच. १९४२मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका सुटल्या. तोच डोळा घेऊन त्यांनी 'श्री ४२०'मधली मायाळू केळेवाली गंगामाई केली आणि 'रामायण' मालिकेतली मंथराही. डोळ्यातच दुष्टपणा असता तर गंगामाई कुणाला आपली वाटली नसती.

'अनाडी' (१९५९) मधली मिसेस डिसा मुद्दाम पाहावी. याच भूमिकेला फिल्मफेअर मिळाले. घरमालकीण भाडेकरूवर करवादते, पण तिचे शब्द एक सांगतात आणि सूर दुसरेच. रागाचे वाक्य संपता संपता आवाज खाली येतो. माया कळते ती तिथे. 'आनंद' (१९७१) मधली कडक मेट्रनही डिसाच, आणि दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. मंथरेचे तंत्र वेगळे. पाठीला बाक, हातात काठी, त्यामुळे बघणे खालून वर. कैकेयीचे कान भरायचे तर तिच्या जवळच सरकावे लागते, तिथे टिपेचा आवाज काय कामाचा? तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

तालमीत एवढे करावे. मिसेस डिसाचा एक प्रसंग आधी आवाज बंद करून पाहावा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा. मान कधी वळते, श्वास कुठे घेतला जातो, कुठल्या शब्दावर सूर उतरतो, हे संहितेत पेन्सिलीने मांडावे. त्यानंतरच मुलींना उभे करावे, तेही दोन्ही डोळे उघडे ठेवून.

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. 'रामशास्त्री' (१९४४) मधली त्यांची आनंदीबाई आणि मिसेस डिसा तिथे एकाच दिवशी लागोपाठ दाखवाव्यात, आणि परभणी-नांदेडच्या महाविद्यालयांतल्या नाट्यसंघांना आवर्जून बोलवावे.

— एक नाट्यप्रशिक्षक, नांदेड