नाव देवनागरीत आहे म्हणून तुमचा गेम उघडत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

विषय: प्ले दाबूनही गेम न उघडणे, तिकीट 'निराकरण झाले' म्हणून परस्पर बंद करणे आणि परतावा नाकारणे.

महोदय,

सप्रेम नमस्कार वगैरे गाळते. पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा 'ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा' हेच ऐकलं. ड्रायव्हर आता इतका ताजा आहे की त्याहून ताजा मिळायला त्याच्या जन्माची वाट पाहावी लागेल.

बिघाड असा. लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा तुमचा प्रोग्राम, उघडतो, प्ले दाबलं की 'सुरू होत आहे' दिसतं आणि चार सेकंदांनी पुन्हा प्ले. चूक दाखवणारी खिडकी नाही, संदेश नाही. गेमच्या फायली दोनदा पडताळून झाल्या. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकला, ओव्हरले बंद केले, अँटिव्हायरसमध्ये अपवाद दिला, गेमना लागणारे मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसचे ३२ आणि ६४ बिटचे दोन्ही संच घातले. हे पुन्हा सांगायला लावू नका.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, विंडोज लॉग्जखाली ॲप्लिकेशनमध्ये, प्रत्येक वेळी प्रोग्राम कोसळल्याची, म्हणजे इव्हेंट आयडी १००० ची नोंद पडते. दोषी मोड्यूल म्हणून यूसीआरटीबेस डीएलएलचं नाव आणि शेवटी ०४०९ असलेला कोड. त्यावर तुमचं उत्तर: व्हिज्युअल सी प्लस प्लस परत टाका. अहो, विंडोज १० पासून ती फाइल विंडोजचाच भाग आहे, तो इन्स्टॉलर तिला हातही लावत नाही. आणि त्या फाइलमधून हा कोड आला तर बहुतेक वेळा अर्थ एकच असतो: प्रोग्रामला न हाताळलेली चूक भेटली आणि त्याने स्वतःच स्वतःला संपवलं. माणूस ज्या खोलीत गेला त्या खोलीला प्लास्टर करून काय होणार?

खरं कारण मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या प्रोसेस मॉनिटरने दाखवलं. कोणता प्रोग्राम कोणती फाइल उघडायला गेला ते तो ओळीओळीने दाखवतो. तुमच्या गेमच्या प्रोसेसपुरतं गाळून पाहिलं, की मरण्याच्या आधीच्या ओळींत निकालाच्या रकान्यात 'नेम इनव्हॅलिड' येतं आणि शेजारी पत्ता असतो: सी ड्राइव्ह, यूजर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग ॲपडेटा, लोकल. त्या पाच प्रश्नचिन्हांच्या जागी माझं नाव आहे, सायली. अक्षरं तीनच, पण संगणकाला स, काना, य, ल आणि दीर्घ वेलांटी हे पाच वेगळे कोड. तुमच्या कोडने युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीतला, तो पत्ता जुन्या ८-बिट कोड पेजमध्ये, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यात, उतरवला. भारतातल्या इंग्रजी विंडोजवर ती कोड पेज १२५२ असते आणि तिच्यात देवनागरीचं एक अक्षर नाही. ज्याला जागा नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं, आणि प्रश्नचिन्ह विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात चालतच नाही. संपला खेळ, सुरू व्हायच्या आधीच.

तुमच्या चाचणीत हे का सापडलं नाही, तेही सांगते. चाचणी करणाऱ्याचं नाव फ्रेंच किंवा स्पॅनिश असेल तर त्याची मात्रावाली अक्षरं १२५२ मध्ये आहेत. चिनी आणि जपानी विंडोजला त्यांच्या त्यांच्या कोड पेज आहेत. देवनागरीसाठी तशी कधी आलीच नाही, विंडोजवर ती पहिल्यापासून युनिकोडनेच चालते. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरी होती. म्हणजे तुम्हाला थोडाफार वेळ मिळाला होता.

आता पाचवा फोन. 'मराठीसाठी ४ दाबा' म्हणाले, दाबला. १९ मिनिटं संगीत, मग हिंदीत गृहस्थ. प्रोसेस मॉनिटरचा लॉग आणि फोल्डरचं चित्र तिकिटाला आधीच जोडलेलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, आपके यूजरनेम में स्पेशल कॅरेक्टर है."

मी विचारलं, कोणतं?

"ये जो लिखा है... सायली."

वाचलं! एका झटक्यात, वेलांटीसकट, अचूक वाचलं. ज्या लिपीत ते रोज घरची वाण्याची यादी लिहीत असतील, ती लिपी खुर्चीत बसल्यावर स्पेशल कॅरेक्टर झाली. मी म्हटलं, हे अक्षर आहे, चिन्ह नाही. त्यावर: "नाम इंग्लिश में चेंज करके विंडोज फिर से डाल दीजिए." आणि वर, "और किसी कस्टमर की ऐसी रिपोर्ट नहीं आई."

लग्नात तांदळात नाव लिहून मुलीचं नाव बदलायची पद्धत आमच्याकडे कधीच मोडली. ती एका गेमसाठी परत सुरू करायचा माझा विचार नाही.

आणि रिपोर्ट आला नाही, हे खरंच आहे. तो येणार कसा? तुमचा क्रॅश रिपोर्टर आपली फाइल त्याच यूजर फोल्डरात लिहायला जातो आणि त्याच प्रश्नचिन्हांवर आपटतो. प्रोसेस मॉनिटरमध्ये गेमच्या मागोमाग त्याचाही 'नेम इनव्हॅलिड' दिसतो. देवनागरी नावाचे ग्राहक तुमच्या आकड्यांत शून्यच असणार. तक्रारपेटीची फटच बुजवलेली आहे.

फोन ठेवल्यावर अकरा मिनिटांत तिकीट बंद. शेरा: 'ग्राहकाकडील अडचण, निराकरण झाले'.

त्याच मशीनवर रोमन नावाचं दुसरं लोकल खातं काढून पाहिलं. तोच ड्रायव्हर, त्याच फायली, पहिल्या फटक्यात गेम उघडला. पहिल्या खात्यात परत गेले, बंद. याहून स्वच्छ पुरावा मी आणू शकत नाही. सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदलून उपयोग नसतो, कारण यूजर्समधलं फोल्डर खातं तयार होतानाच ठरतं आणि दिसणारं नाव बदललं तरी ते बदलत नाही. तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या ते सांगणारे टेम्प आणि टीएमपी हे दोन्ही व्हेरिएबल सी ड्राइव्हवरच्या साध्या रोमन नावाच्या फोल्डरकडे वळवले, तर लाँचरचं अपडेट उलगडण्याचं काम सुधारलं, गेम मात्र तिथेच. रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये सिस्टिम लोकेल बदलायच्या बटणाआड यूटीएफ-८ चा, म्हणजे जुन्या कोड पेजऐवजी युनिकोड वापरायचा, 'बीटा' चौकोन आहे. तो टिचकवून मशीन रीस्टार्ट केलं की तुमचा गेम उघडतो. पण तो बदल सगळ्या जुन्या प्रोग्रामना लागू होतो. जुन्या ८-बिट मराठी फॉन्टमधली डीटीपीची कामं त्याने विस्कटतात, आणि या पुण्यात अशी कामं अजून चालतात. तुमची चूक झाकायला मी माझं अख्खं विंडोज का बदलायचं?

दुरुस्ती तुमच्या हातात आहे आणि ती मोठी नाही. एक्झीच्या (चालणाऱ्या प्रोग्राम फाइलच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे तिच्यासोबतच्या माहितीपत्रकात, ॲक्टिव्ह कोड पेज यूटीएफ-८ घोषित करा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून हे चालतं, आणि तुमच्या पानावर किमान गरज विंडोज ११ लिहिली आहे, तेव्हा सबब उरत नाही. मात्र लाँचर, गेम आणि क्रॅश रिपोर्टर या तीन वेगळ्या एक्झी आहेत, तिन्हींत घाला. त्याहून चांगलं म्हणजे फाइल उघडताना विंडोजची वाइड, म्हणजे थेट युनिकोड घेणारी, फंक्शन्स वापरा. त्याच पानावर 'मराठी सबटायटल्स' असंही लिहिलेलं आहे. ती बघण्याची अट अशी की बघणाऱ्याचं नाव मराठीत नसावं.

परतावा. 'दोन तासांपेक्षा जास्त खेळल्यामुळे' नाकारला. तुमच्या नोंदीत माझा खेळण्याचा वेळ ३ तास १२ मिनिटं आहे. गेम मरतो, पण लाँचर खाली ट्रेमध्ये जिवंत राहतो आणि घड्याळ चालू ठेवतो. चार-चार सेकंदांचं उघडणं-मिटणं आणि पाठीमागे तुमचं मीटर! कॅन्टॉन्मेंटला न जाता रिक्षा नुसती स्टँडवर उभी ठेवून भाडं मागितल्यासारखं आहे हे. न उघडलेला गेम मी ३ तास १२ मिनिटं कसा खेळले, हे लेखी कळवा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. तुमच्या पानावर त्या अधिकाऱ्याचं नाव शोधूनही सापडलं नाही, तेही कळवा, कुठल्याही लिपीत. मला २,४९९ रुपये परत हवेत, तिकीट पुन्हा उघडायला हवं आणि त्यावरचा 'ग्राहकाकडील अडचण' हा शेरा काढायला हवा. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल आणि तिथून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, तेव्हा तारखेला कोथरूडहून मी येईन, तुम्ही कुठून येता ते तुमचं तुम्ही बघा. लॉगच्या फायली सोबत आहेत.

सायली
कोथरूड, पुणे

ता. क. उत्तर पाठवताना नाव नीट लिहा. तुमच्या मागच्या ईमेलची सुरुवात 'डिअर ?????' अशी होती.