लग्न झालेले नाही, म्हणून सुटणे सोपे नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रेमसंबंधात असलेल्या किंवा लग्नाविना एकत्र राहणाऱ्या तरुणीला जोडीदाराने मारहाण केल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्यांवर होणाऱ्या चर्चेत एक प्रश्न हमखास असतो: लग्नाचे बंधन नव्हते, मूलबाळ नव्हते, तर ही मुलगी पहिल्याच थपडेनंतर निघून का गेली नाही? जोडीदाराच्या हिंसेतून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांना मदत करणाऱ्या एका समुपदेशन केंद्रात मी बरीच वर्षे काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, की हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी त्यामागून येणारा सल्ला, म्हणजे ‘त्याला एकदा ठणकावून सांग आणि चालती हो’ हा, पुष्कळदा त्या मुलीला सर्वांत धोक्याच्या क्षणाला एकटीने सामोरे जायला लावणारा असतो.

पहिली थप्पड ही सुरुवात नसतेच, ती बरीच नंतर येते. आधी येते ती काळजी. पोहोचलीस का, जेवलीस का, कोणाबरोबर आहेस, असे विचारणारा माणूस कोणाला आवडणार नाही? मग फोनवरचे ठिकाण सतत दिसत राहावे असा आग्रह सुरू होतो, पासवर्ड मागितला जातो, मैत्रिणीकडे गेल्यावर व्हिडिओ कॉल करून खोलीत कोण कोण आहे ते फोन फिरवून दाखवावे लागते, आणि एकेक करत मैत्रिणी, भाऊ, सहकारी असे सगळे ‘आपल्यात भांडणे लावणारे’ ठरतात. हात उगारला जातो तोवर तिच्या आसपास ते पाहणारे कोणी उरलेले नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सततच्या नियंत्रणालाच २०१५ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवले, त्यासाठी अंगावर वळ उमटलेला असण्याची अट ठेवली नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे अजूनही ‘मारले का?’ एवढेच विचारले जाते आणि उत्तर नकारार्थी आले की विषय संपतो.

लग्न नसल्यामुळे मुलगी मोकळी असते ही समजूतही तपासून पाहायला हवी. विवाहित स्त्रीच्या बाबतीत निदान दोन घरांना ते नाते माहीत असते. बैठक बसते, चांगले-वाईट काही ना काही बोलले जाते. प्रेमसंबंधातल्या मुलीने घरी नातेच सांगितलेले नसते, किंवा सांगून, भांडून ती घराबाहेर पडलेली असते. ‘आमचे ऐकले नाहीस, आता निस्तर’ हे वाक्य आईवडिलांनी प्रत्यक्ष उच्चारले नाही तरी ते तिच्या कानात असतेच, आणि मारणाऱ्यालाही ते नेमके ठाऊक असते. तिचे खासगी फोटो त्याच्याकडे असतात. ‘तुझ्या घरी सगळे कळवीन’ या धमकीचा उपयोग होतो, तितकाच ‘तू गेलीस तर मी जीव देईन’ या धमकीचाही होतो. ही दुसरी धमकी ऐकून परतलेल्या मुली मी अधिक पाहिल्या आहेत, कारण पहिलीत निदान भीती तरी स्पष्ट असते, दुसरीत तिच्यावर जबाबदारी टाकलेली असते.

हे प्रकार अपवादात्मक नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे, आणि अवघ्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्येही हे प्रमाण जवळजवळ चारात एक इतके आहे. म्हणजे पुष्कळ जणींना हा अनुभव पहिल्यावहिल्या नात्यातच येतो, जेव्हा तुलनेला दुसरे काही नसते.

आता ‘निघून जा’ या सल्ल्याविषयी. जोडीदाराने केलेल्या खुनांचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार असे आढळले आहे, की स्त्री नाते तोडायचे ठरवते किंवा तोडते त्या सुमारास तिच्या जिवाचा धोका वाढतो. याचे कारण समजायला कठीण नाही. हिंसेचा उद्देश तिला ताब्यात ठेवणे हा असतो, आणि ताबा सुटतो आहे हे तिने तोंडावर जाहीर केले की उरलेले सगळे उपाय वापरले जातात. त्यात एक खूण अशी आहे की जी कोणीही कधीही हलक्यात घेऊ नये, ती म्हणजे गळा दाबणे. अमेरिकेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सुमारे सात पटींनी वाढलेली दिसली. अनेकदा गळ्यावर काहीच खूण उमटत नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके दिसतात, काही क्षणांचे आठवतच नाही. मानेतील रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनी पक्षाघाताचा झटकाही येऊ शकतो. म्हणून ‘आता बरी आहे ना’ असे म्हणून तिला घरी झोपवून ठेवणे हा उपचार नव्हे, तिला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते तेही सांगते. बहुतेक वेळा तो तिच्याबरोबर आलेला असतो, तोच बोलतो, आणि केसपेपरवर ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्याने’ अशी नोंद होते. दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे उमटवणारी ही कोणती फरशी, असे त्या डॉक्टरांना विचारावेसे वाटते. तिला पाच मिनिटे एकटीला आत घेऊन विचारले आणि इजेचे खरे कारण तारखेसह लिहिले, तर तोच कागद पुढे न्यायालयात तिच्या बाजूने उभा राहतो.

त्यामुळे सामना करणे म्हणजे त्याच्यासमोर उभे राहून त्याला सुनावणे, असे मला वाटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मुलीला आम्ही आधी गप्प राहून तयारी करायला सांगतो. ओळखपत्रे, शिक्षणाची प्रमाणपत्रे, बँकेची कागदपत्रे, थोडी रोकड आणि रोजची औषधे विश्वासाच्या माणसाकडे ठेवावीत. तिचा फोन तोही पाहत असतो असे धरून चालावे आणि मदतीची चौकशी दुसऱ्याच्या फोनवरून करावी. ठिकाण दाखवणारी सोय एकदम बंद केली की त्याला लगेच कळते, म्हणून ती बाहेर पडतानाच बंद करावी. धमक्यांचे संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत. निघताना एकटीने निघू नये. आणि ती गेल्यानंतर जो निरोप ठरलेला असतो, ‘शेवटचे एकदा भेटू, बोलून मोकळे होऊ’, त्या भेटीला जाऊ नये. बोलून मोकळे होण्याची इच्छा तिलाही असते, हेच त्यातले अवघड. तीन वर्षांचे नाते फोनवर संपवणे तिला अप्रामाणिकपणाचे वाटते. पण त्या भेटीतून ज्या गोष्टी घडल्या आहेत त्या आपण आपल्याच पानांवर वाचल्या आहेत.

कायद्याबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो फक्त पत्नीसाठी नाही. ‘विवाहसदृश नात्यात’ एकाच घरात राहणाऱ्या किंवा पूर्वी राहिलेल्या स्त्रीलाही तो लागू होतो. शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ त्यात मोजला आहे. या कायद्याखाली शासनाने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा स्वतः थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, ती तात्पुरती जिथे राहायला गेली आहे तिथेही करता येतो, आणि परिस्थिती तशीच असेल तर समोरच्याला ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश मिळू शकतो. तो आदेश मोडणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते हे न्यायालयाच्या आवारात बसून राहिलेल्या कोणत्याही स्त्रीला विचारावे.

या कायद्याला मर्यादाही आहे. विवाहसदृश नाते कशाला म्हणायचे याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले, आणि केवळ शनिवार-रविवार एकत्र घालवण्याने असे नाते होत नाही हेही त्याच निकालात स्पष्ट केले. म्हणजे वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या प्रेमिकांतली मारहाण या कायद्याच्या बाहेर राहते. पतीने केलेल्या क्रूरतेविषयीचे भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ देखील पती आणि त्याच्या नातेवाइकांपुरतेच आहे. परंतु म्हणून ती मुलगी निराधार ठरत नाही. दुखापत, धमकी, कोंडून ठेवणे आणि पाठलाग हे गुन्हे नाते कोणतेही असले तरी गुन्हेच आहेत, आणि संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘हा तुमचा आपसातला मामला आहे’ असे सांगून तिला ठाण्यातून परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला हे माहीत नसते, असे मानणे मला कठीण जाते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली हे कारणही आता चालत नाही, कारण हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते.

शेजाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार, हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडून आवाज येतात तेव्हा ‘लग्न न करता राहतात, त्यांचे ते बघून घेतील’ असे म्हणणारे लोक दुसऱ्या दिवशी वार्ताहरांना मात्र सविस्तर हकीकत सांगतात. त्यातला एक फोन आदल्या रात्री ११२ वर का गेला नाही, हेही एखाद्या वार्ताहराने त्यांना विचारावे.

आईवडिलांना एवढेच सांगायचे आहे, की मुलीची निवड मान्य नसली तरी ती रात्री कधीही परत येऊ शकते हे तिला आधीच, शब्दांत, सांगून ठेवा. परत आल्यावर उलटतपासणी नको. आणि तो ‘माफी मागायला’ दारात आला तर तिला बाहेर बोलावू नका.

संपादक महाशय, आपल्याकडून एका गोष्टीची अपेक्षा आहे. अशी प्रत्येक बातमी छापताना तिच्याखाली चौकटीत तीन क्रमांक द्यावेत: महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, कारण मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही हे फार थोड्या जणींना माहीत असते. ज्या मुलीचा फोन तपासला जातो तिला हे क्रमांक शोधून पाहणेसुद्धा जोखमीचे असते, वर्तमानपत्र मात्र ती कोणाच्याही देखत वाचू शकते.

आपली विश्वासू,
एक वाचक
(केंद्रात येणाऱ्या स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)