खंजिरीवाल्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर ‘बस झालं वं पोरी’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शारदा उत्सवात मी ‘झॉम्बी’ म्हणणार हे कळल्यावर मंडळात कोणीच तयार नव्हतं. इंग्रजी गाणं, त्यात बॉम्बचं, त्यात निवडणूक तोंडावर. एकाला तर ते भुताचं गाणं वाटलं होतं. तुम्ही एवढंच विचारलं, ‘बाई बोलून कोनाले राहिली?’

मी सांगितलं. क्रॅनबेरीज या बँडची गायिका डोलोरेस ओरिओर्डन, आयर्लंडच्या लिमरिककडची. मार्च 1993 मध्ये इंग्लंडातल्या वॉरिंग्टनच्या बाजारात आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंडमधलं ब्रिटिश राज्य संपवायला लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले बॉम्ब फुटले आणि 3 आणि 12 वर्षांची दोन मुलं गेली. हे सगळं आयर्लंडच्या नावानं चाललेलं, आणि तिथलीच पोरगी 1994 मध्ये घसा फाडून सांगते की यात मी नाही, माझ्या घरचं कोणी नाही.

‘म्हंजे आपल्याच लोकायले सुनावून राहिली. मंग म्हन.’

मंडळाला तुम्ही काय म्हणालात तेही मी ऐकलं. 1942 मध्ये चिमूर पेटलं, इंग्रजांनी तुकडोजी महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, ते सारे अभिमानानं सांगतात. पण त्यांचंच व्यसनावरचं, शिवाशिवीवरचं भजन लागलं की माना खाली जातात. त्यावर कोणी बोललं नाही. महाराजांच्या आश्रमाची मोझरी आपल्याला जवळ आहे, बोलणार तरी काय!

ड्रम नव्हता. गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड फिरतात, त्यात तुम्ही केरवा बसवला. कडव्याला नुसती बोटं आणि ध्रुपदाला पूर्ण तळहात, हे तुम्हाला मी शिकवलं नव्हतं. मूळ गाण्यात तिथे गिटारी अंगावर येतात. तुमच्या खंजिरीनं तेच केलं, आणि मागं बसलेली पोट्टी मोबाईल खाली ठेवून ऐकू लागली.

तुम्ही नंतर विचारलं होतं, तिकडे अजून म्हणतात का? म्हणतात. यूट्यूबवर त्याचा व्हिडिओ 2020 मध्येच शंभर कोटींवर गेला. 2023 च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंडचे हजारो प्रेक्षक सामना झाला की हेच गात होते. त्यावरून वादही झाला. उत्तर आयर्लंडमधल्या काहींचं म्हणणं, आमच्यावर जे गुदरलं ते या गाण्यात कुठे आहे? मला त्यांचंही थोडं पटतं, पण म्हणून मी गाणं सोडणार नाही.

डोलोरेस जानेवारी 2018 मध्ये लंडनला गेली, म्हणजे वारली. त्याच दिवशी ती बॅड वुल्व्ज नावाच्या बँडसोबत हे गाणं नव्यानं गाणार होती. मग त्यांनी तिच्याशिवायच काढलं. दोन्ही गाणी तुमच्या नातवाच्या मोबाईलवर टाकली आहेत. दुसरं पुरुषाच्या आवाजात आहे. तुम्हाला आवडेलसं वाटत नाही, पण एकदा ऐकून सांगा.

तुमची,
गिटारवाली पोरगी